वेल्सच्या बाइक पार्कात शनिवार-रविवार : सोबत नवशिके आहेत, नियोजनाला मदत हवी

टेकडीवाला

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरातल्या एका शनिवार-रविवारी आम्ही पाचजण मर्थर टिडव्हिलच्या 'बाइकपार्क वेल्स'ला जायचं म्हणतोय. पार्क २०१३ साली सुरू झालं, तेव्हापासून नाव ऐकतोय आणि दरवर्षी काहीतरी कारणाने राहून जातंय. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: इथे डोंगरमाथ्यावर सायकल दामटत जावं लागत नाही. पार्काची व्हॅन माणसांना वर नेते, मागच्या ट्रेलरवर सायकली असतात. याला 'अपलिफ्ट' म्हणतात. आपण फक्त उतरायचं, खाली आलं की परत रांगेत.

आमची मंडळी अशी: मी (वय ४४, लहानपण वेताळ टेकडीवर सायकल हाणण्यात गेलं, आता रेडिंगला राहतो आणि महिन्यातून दोनदा स्विनली फॉरेस्टचा निळा ट्रेल करतो). माझी मुलगी, वय १४, माझ्यापेक्षा धीट. एक मित्र लाल ट्रेल नियमित करणारा. त्याची बायको रस्त्यावरची सायकल चालवते, एका दमात शंभर किलोमीटर जाते, पण मातीत कधी उतरलेली नाही. आणि दुसरा मित्र, ज्याने शाळेनंतर सायकलच चालवलेली नाही, पण यायचंच म्हणतोय.

शनिवार आणि रविवार दोन्ही दिवसांचा अपलिफ्ट पास घ्यावा का? सायकली इथून न्याव्यात की तिथे भाड्याने घ्याव्यात? आणि मुलीच्या आईला मुलीची काळजी वाटतेय, तिला खरंखरं काय सांगू?

कार्डिफकर

टेकडीवाले, योग्य वेळी धागा काढलात. मी कार्डिफला राहतो, पार्क घरापासून पाऊण तासावर. गेली काही वर्षं महिन्यातून एकदा तरी जातोच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी अपलिफ्ट पास मिळतो का ते बघा, हॉटेल नंतर. शनिवारचे पास बरेच आधी संपतात. हॉटेल करून बसलात आणि पास मिळाला नाही, तर पाचजणांना बीस्ट ऑफ बर्डन नावाच्या चढाच्या वाटेने पेडल मारत माथा गाठावा लागेल. ती वाट छान आहे, झाडीतून जाते, पण तुमच्या शाळेनंतर सायकल न चालवलेल्या मित्राचा दिवस पहिल्याच चढात संपेल.

ट्रेलचे रंग सगळ्या ब्रिटनमध्ये तेच, सोप्याकडून अवघडाकडे हिरवा, निळा, लाल, काळा. पण रंग तोच म्हणून अनुभव तोच असं समजू नका. स्विनलीच्या निळ्यावर थोडा चढ, थोडा उतार, थोडं सपाट असं चालतं, हातांना मधे मधे विश्रांती मिळते. इथे, पार्क ज्या गेथिनच्या डोंगरावर आहे तिथे, माथ्यापासून पायथ्यापर्यंत उतारच आहे. पाय ताजे राहतात, पण तळहात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग भरून येतो. मांड्यांची तयारी करून येणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत, हातांची तयारी करून येणारा क्वचितच.

माथ्यावरून खाली येणारी हिरवी वाट 'कर्मिट'. पाचहीजणांनी पहिल्या दोन फेऱ्या तिथेच कराव्यात, लाल ट्रेलवाल्या मित्रानेसुद्धा. मग ज्यांना जमेल त्यांनी 'सिक्स्टापॉड' आणि खालच्या भागात 'मेल्टेड वेली', दोन्ही निळे. उड्या मारायची हौस असेल तर 'ए४७०' आहे, कार्डिफहून येणाऱ्या रस्त्याचंच नाव दिलंय. पण तो लाल आहे आणि तिथे टेबलटॉपची, म्हणजे वरून सपाट असलेल्या उडीच्या उंचवट्यांची, रांग लागते. पहिल्या दिवशी तिकडे फक्त बघायला जा.

दोन्ही दिवस अपलिफ्ट? माझं मत विचाराल तर नको. शनिवारी अपलिफ्ट, तोही सकाळच्या शिकवणीसह. रविवार मोकळा ठेवा.

चाकोरीबाहेर

कार्डिफकरांशी असहमत. इतक्या लांब जाऊन एकच दिवस? शनिवारी अंग रुळतं, खरी मजा रविवारी असते. वळण आदल्या दिवशी पाहिलेलं असतं, रात्रभर डोक्यात फिरलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक न लावता निघतं. मी दोन दिवस करतो आणि दोन दिवसच सुचवीन.

आणि लाल ट्रेलवाल्या मित्राला वेल्समधलं खरं डाउनहिल बघायचं असेल तर माखन्थलेथजवळचं डिफी बाइक पार्क. ॲथर्टन भावंडांनी उभं केलंय, २०१९ पासून सुरू आहे. रेचल ॲथर्टन डाउनहिलची अनेक वेळची जगज्जेती, त्यामुळे तिथल्या वाटा कोणत्या नजरेने आखल्यात ते पहिल्या वळणावर कळतं. उत्तरेला ब्लायनाय फेस्टिनियोगला अंटूर स्टिनियोग आहे, पाटीच्या दगडाच्या खाणींमधून उतरणारं. असा दगड तुम्ही आयुष्यात पायाखाली घेतला नसेल.

कार्डिफकर

चाकोरीबाहेर, डिफीबद्दल तुमचं प्रत्येक वाक्य मान्य. पण धागाकर्त्याच्या पाचजणांतल्या तिघांनी मातीत सायकल घातलेली नाही किंवा नुकती घातलीय. त्यांना डिफीला नेलं तर दोघं दिवसभर कॅफेत बसतील आणि परत कधी येणार नाहीत. सहल ज्याला सगळ्यात कमी येतं त्याच्या हिशेबाने आखायची. ज्याला येतं तो कुठेही मजा करतो.

दोन दिवसांचं म्हणाल तर तुमच्या हातांना वर्षानुवर्षांची सवय आहे. यांच्या हातांना नाही.

गवती_चहा

मी इथे फार लिहीत नाही, पण या विषयावर लिहिणं भाग आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एका पार्कात (नाव लिहीत नाही, हे नव्हे) गळ्याचं हाड मोडून घेतलं. शेवटची फेरी होती. सगळ्यांनी 'अजून एक' म्हटलं आणि मीही गेले. पण खरं कारण सकाळीच घडलेलं होतं.

सायकल भाड्याची होती. माझे हात लहान आहेत. ब्रेकचा लिव्हर इतका लांब होता की तर्जनीचं फक्त पहिलं पेर त्याच्यापर्यंत पोचायचं. काउंटरवरच्या मुलाला सांगितलं तर म्हणाला, सवय होईल. मला वाटलं, त्याला जास्त कळतं. बोट पूर्ण वळत नसलं की ब्रेकला दुप्पट जोर लावावा लागतो. सहाव्या फेरीनंतर माझी बोटं मिटायचीच बंद झाली. मेंदू दाबायला सांगतोय आणि बोट ऐकत नाही, असं ते वाटतं. ओल्या मुळांवर पुढचं चाक सरकलं, ब्रेक अर्धवट लागला आणि मी उजव्या खांद्यावर पडले.

म्हणून टेकडीवाले, मुलीच्या आईला हे सांगा. सायकल हातात आली की मुलीला सीटवर बसवा, लिव्हरवर एक बोट ठेवायला सांगा आणि मधलं पेर लिव्हरवर बसतंय का ते स्वतः वाकून बघा. बसत नसेल तर बारीक ॲलन कीने लिव्हर जवळ आणता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. कुणी नाही म्हणालं तर दुसरी सायकल मागा. संकोच करू नका. मी केला होता.

हाडवैद्य

गवती_चहा यांचा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचावा. मी इंग्लंडमध्येच अस्थिरोग विभागात काम करतो. सायकलवरून पडलेल्यांमध्ये गळ्याचं हाड आणि मनगट हेच सगळ्यात जास्त बघतो, कारण पडताना माणूस हात पुढे करतो.

फुल-फेस हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, पूर्ण बोटांचे हातमोजे, हे चौघं सोबत असल्याशिवाय व्हॅनमध्ये चढू नका. हनुवटी झाकलेलं हेल्मेट दातांसाठी आणि जबड्यासाठी असतं, धाडस दाखवायला नव्हे.

डोक्यावर पडलात तर दिवस तिथेच संपला, बरं वाटत असलं तरी. मेंदूला बसलेला हादरा कधीकधी तासाभराने कळतो: मळमळ, प्रकाश नको वाटणं, तोच प्रश्न परत विचारणं. मुलगी पडली आणि 'बाबा, मी ठीक आहे' म्हणाली तरी तिला त्या दिवशी परत वर पाठवू नका. जोराचा फटका बसलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, बाहेरून चीर दिसत नसली तरी.

प्रिन्स चार्ल्स हॉस्पिटल मर्थरमध्येच आहे, पत्ता फोनमध्ये घालून ठेवा. वापरायची वेळ येऊ नये.

स्पोक

सायकलींबद्दल मी लिहितो.

तुमची स्विनलीची सायकल फक्त पुढे सस्पेन्शन असलेली असेल तर ती घरी ठेवा. हिरव्या वाटेला चालेल, पण दिवसभर मागून बसणारे हादरे कमरेला जातात. भाड्याने पुढे-मागे सस्पेन्शनची, १५० मिलिमीटरच्या आसपास ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन जास्तीत जास्त तेवढं दबणारी) सायकल घ्या. २०० मिलिमीटरची खास डाउनहिल सायकल तुम्हाला नको, ती जड असते आणि हळू वेगात वळत नाही. सस्पेन्शनमधली हवा आपल्या वजनाप्रमाणे बसवून घ्या. सायकलवर उभं राहिलं की ट्रॅव्हलचा पाव ते तिसरा हिस्सा दबला पाहिजे. चौदा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाची सायकल आहे तशी दिली तर तिच्या वजनाने स्प्रिंग हलणारच नाही आणि सायकल दगडावरून उडत जाईल.

टायर ट्यूबलेस असतील तर हवा २२ ते २८ पीएसआयच्या दरम्यान, वजनाप्रमाणे. ट्यूब असेल तर थोडी जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

लाल ट्रेलवाला मित्र स्वतःची सायकल आणणार असेल तर गिअरचा हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा) जादा आणावा. पडल्यावर आधी तोच वाकतो. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, त्यामुळे ऐनवेळी दुकानात मिळेलच असं नाही. ब्रेक पॅडही नवे.

ब्रेकवरून आठवलं. या खेळाच्या मुळाशी ब्रेकच आहेत. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाड चाकांच्या सायकली घेऊन डोंगरावरून शर्यत लावायची. मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक असायचा. खाली येईपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर यायचा, आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून ग्रीस परत भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. आज हायड्रॉलिक डिस्क आहेत, पण उष्णतेचं गणित बदललेलं नाही. ब्रेक सारखा घासत ठेवू नका. वळणाआधी सरळ वाटेवर ठामपणे दाबा, वळणात सोडा. उंच कडेच्या वळणात, बर्ममध्ये, तर नक्कीच सोडा. ती कड चाकाला धरून ठेवायलाच बांधलेली असते.

निशिगंध

थोडं वेगळं विचारते. आमचाही असाच बेत आहे, पण सासू-सासरे भारतातून आलेत आणि त्यांना हॉटेलवर बसवून ठेवणं पटत नाही. सायकल न चालवणाऱ्यांनी मर्थरमध्ये दिवस कुठे घालवावा?

कार्डिफकर

निशिगंध, मर्थरला निव्वळ बाइक पार्कासाठी येणं हा त्या गावावर अन्याय आहे. बरं झालं विचारलंत.

गावाच्या उत्तरेला पँट स्टेशनवरून ब्रेकन माउंटन रेल्वेची वाफेची छोटी गाडी सुटते, तलावाच्या काठाने टॉरपँटाउपर्यंत जाते. ज्येष्ठांना बसल्या जागी डोंगर दिसतो. कवार्थ्वा कॅसल बघा. लोखंडाच्या कारखान्याचे मालक क्रॉशे यांनी १८२५ च्या सुमारास बांधलेला वाडा, आता संग्रहालय आहे. आणि याच गावच्या पेनिडॅरन कारखान्यातून २१ फेब्रुवारी १८०४ रोजी रिचर्ड ट्रेविथिकचं वाफेचं इंजिन दहा टन लोखंड आणि सत्तरेक माणसं ओढत निघालं आणि साधारण साडेपंधरा किलोमीटरवरच्या ॲबरकिनॉनला पोचलं. रुळावर वाफेच्या इंजिनाने भार ओढल्याची ती पहिली नोंद. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती त्यानंतर ४९ वर्षांनी.

टेकडीवाले, तुमच्या रविवारचं उत्तरही यातच आहे. त्या जुन्या रुळांच्या मार्गाने आता ट्रेविथिक ट्रेल जातो, जवळपास सपाट. शनिवारी हात दुखले की रविवारी तिथे आरामात पेडल मारा.

वाटेजवळच ॲबरव्हॅन आहे. २१ ऑक्टोबर १९६६ ला खाणीच्या मातीचा डोंगर घसरून तिथल्या शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. शाळेच्या जागी आता बाग आहे आणि वरच्या दफनभूमीत पांढऱ्या कमानींची रांग लांबूनही दिसते. थांबलात तर सायकली बाहेर ठेवून शांतपणे जाऊन या. मी प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो. बाइक पार्कही याच खाणींच्या मुलखात आहे, तिथल्या एका ट्रेलचं नाव 'कोल नॉट डोल' ('कोळसा हवा, बेकारभत्ता नको') आहे, ती १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपातली घोषणा.

सह्यकडा

पुण्याहून वाचतोय. असं आपल्याकडे का नाही, हा प्रश्न दरवेळी पडतो. उतार आपल्याकडे काय कमी आहेत?

टेकडीवाला

सह्यकडा, उताराचा प्रश्न नाही. वेताळ टेकडीवर सकाळी सहाला आजी-आजोबा चालायला असतात, कुणी कुत्रं घेऊन, कुणी प्राणायाम करत. तिथे वेगाने उतरणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर जाणं. पार्काची खरी किंमत एकतर्फी वाटेला आहे. वळणापलीकडे समोरून कुणी येणार नाही, ही खात्री असली की मगच नजर पुढे टाकता येते. आपल्याकडे एखादा डोंगर असा फक्त सायकलींसाठी, वनखात्याच्या संमतीने आणि गावकऱ्यांना रोजगार देऊन आखला गेला, तर मी सुट्टी काढून फावडं मारायला येईन.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. घरी धागा मोठ्याने वाचून दाखवला. बायकोने गवती_चहांचा प्रतिसाद वाचून सांगितलं, मुलगी जाईल, पण लिव्हर तू स्वतः बघायचा.

ठरलं ते असं. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, एम४ ने सेव्हर्नचा पूल ओलांडून जंक्शन ३२ ला ए४७० धरायचा. शनिवारी पाचहीजणांना अपलिफ्ट, सकाळी चौघांना शिकवणी. लाल ट्रेलवाला मित्र तेवढा वेळ एकटा फिरेल, पण आधी दोन फेऱ्या आमच्यासोबत कर्मिटवर. चौघांना भाड्याच्या सायकली. रविवारी ट्रेविथिक ट्रेल आणि ॲबरव्हॅन.

कार्डिफकर

उत्तम. तीन बारीक गोष्टी. पुलाचा टोल २०१८ च्या डिसेंबरात बंद झाला, त्यामुळे चिंता नको. पण वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २०२३ पासून ताशी २० मैलांची मर्यादा आहे, कॅमेऱ्यांकडे लक्ष ठेवा. रस्त्यावर मोठ्या अक्षरात 'ARAF' लिहिलेलं दिसेल, त्याचा उच्चार 'अराव', म्हणजे सावकाश. मित्राची सायकल गाडीमागच्या रॅकवर लावणार असाल तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाऊ देऊ नका, जादा प्लेट आणि दिव्याची पट्टी लावावी लागते.

आणि पाऊस धरूनच चला. पुढच्या चाकाला मडगार्ड, जादा मोजे, जादा हातमोजे. ओल्या हातमोज्यात ब्रेक दाबायला जास्त ताकद लागते. व्हॅनच्या रांगेत अंग गार पडतं, तेव्हा एक पातळ जाकीट खिशात.

निशिगंध

खायला काय नेताय? पार्कात कॅफे आहे, पण माझ्या अनुभवाने दोन फेऱ्यांमध्ये पोटभर खाल्लं की खाली येताना ढवळतं. आम्ही शेंगदाणा-गुळाचे लाडू आणि मेथीचे ठेपले नेतो. हातमोजा न काढता खाता आलं पाहिजे, म्हणून लाडू लहान वळते, एका घासाचे.

टेकडीवाला

जाऊन आलो. सगळे धड परतलो.

भाड्याच्या काउंटरवर मुलीने माझ्याआधीच लिव्हरवर बोट ठेवून दाखवलं आणि 'लांब आहे' म्हणाली. तिथल्या माणसाने काही न बोलता ॲलन की काढली, दोन्ही लिव्हर जवळ आणले, परत बोट ठेवायला लावलं, मग अजून अर्धा फेरा फिरवला. गवती_चहा, तुमची फार आठवण झाली.

शाळेनंतर सायकल न चालवलेला मित्र पहिल्यांदा कर्मिटवर उतरला तेव्हा प्रत्येक वळणाआधी पूर्ण थांबत होता. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला एकच सांगितलं, चाकाकडे बघू नकोस, वळण जिथे संपतं तिथे हनुवटी वळव. तिसऱ्या फेरीला मी त्याच्या मागे होतो. एका बर्ममध्ये त्याने हनुवटी वळवली, खांदे वळले, मग सायकल आपोआप वळली. कडेवरची माती चाकाखाली सर्रकन वाजली आणि तो बाहेर पडला. पुढच्या सरळ वाटेवर तो थांबला नाही. मला वाटतं तो श्वास घ्यायलाही थांबला नसेल.

रस्त्यावर शंभर किलोमीटर करणाऱ्या वहिनी सगळ्यात लवकर निळ्यावर गेल्या. दुपारनंतर पाऊस आला, जादा हातमोजे कामी आले.

पावणेचार वाजता अजून एका फेरीची वेळ होती. व्हॅन समोर उभी होती, रांगही लहान होती. मुलीने हातमोजे काढले, मुठी दोनदा मिटून बघितल्या आणि म्हणाली, "बाबा, नीट मिटत नाहीयेत." आम्ही पाचहीजण सायकली धुवायच्या जागेकडे वळलो.